वारा सुनेसारखा

दादा, तुम्ही गेलात आणि या घरातून एक हाक गेली. तुमचा मुलगा मला नावाने बोलावतो, आई ‘सूनबाय’ म्हणतात, शाळेत मी मॅडम आहे. ‘दिघाशी’ म्हणणारे फक्त तुम्ही होतात. “दिघाशी, चा हाय का?” “दिघाशी, माझा चष्मा बघितलास?” लग्न होऊन अंजूरला आले तेव्हा या हाकेचा मला भारी राग यायचा. चांगली बी.एड. झालेली मुलगी मी, आणि सासरे मला माहेरच्या गावाच्या नावाने हाक मारतात, जशी काही मी एसटीच आहे. एकदा तोंडावर म्हटलंसुद्धा, “दादा, मला नाव आहे.” तुम्ही सुपारी कातरत होतात. मान वर न करता म्हणालात, “नाव तर हायच गो. नावानं तुना सगलंच बोलावतील. पन तू कुठून आलीस ते कोन ध्यानात ठेवील?” मी आत जाऊन भांडी आपटली. उत्तर सुचलं नाही की ही भांडी आपटते, हे तुम्हाला पहिल्याच वर्षी कळलं होतं.

आता भांडी आपटून उपयोग नाही. ऐकायला ओटीवर कुणी नाही. तुमचा निकाल द्यायचा राहिला, असं सगळे म्हणतात. मला तसं वाटत नाही, आणि हे भांडण तुमच्याशिवाय कुणाशी करावं ते कळत नाही, म्हणून लिहायला बसले.

प्रांजलने बारावीनंतर जेवताना सांगितलं, “मला विमान चालवायचंय.” मी नाही म्हणाले. विचार करून वगैरे नाही, घास तोंडात असतानाच. एकुलती एक मुलगी. पोळी भाजताना तिचं बोट पोळलं तर मला दिवसभर चैन पडत नाही, आणि ही आकाशात एकटी जाणार. तुमचा मुलगा ताटातल्या बोंबलाकडे बघत बसला, जणू उत्तर बोंबीलच देणार होता. आई म्हणाल्या, पोरीच्या जातीला कशाला ही थेरं. तुम्ही मात्र हात धुऊन आलात आणि विचारलंत, “याचं पुस्तक असतं का?”

असतं, प्रांजल म्हणाली. उडायच्या आधी लेखी परीक्षा. आकाशातले नियम, दिशा काढणं, हवामान, विमानाचं यंत्र. पेपर सुटला तर पुढे फ्लाइंग क्लबचा अर्ज, आणि त्यावर आईबापांची सही.

“मग आधी पुस्तक बघू,” तुम्ही म्हणालात. “त्यात काय लिव्हलंय ते मना समजू दे. मग मी सांगतंय, पोरीला धाडायची का न्हाय.”

“तुम्हाला समजेपर्यंत मी म्हातारी होईन, आजोबा.”

“तू हो म्हातारी. मी झालोच हाय.”

तुमची ही रीत सगळ्या गावाला माहीत होती. बांधाचं भांडण घेऊन कुणी आलं की तुम्ही घरात बसून एक शब्द बोलायचा नाहीत. चपला घालायच्या, त्या बांधावर जाऊन उभं राहायचं, दोन्हीकडची माती बघायची, मग तोंड उघडायचं. आता अर्धे बांध गोडाऊनखाली गेले, तरी लोक तुमच्याकडे यायचे, आणि तुम्ही गोडाऊनच्या भिंतीपाशी जाऊन उभे राहायचात. नातीच्या बाबतीत बांध होता इंग्रजी पुस्तकाचा. ते वाचून दाखवायला घरात इंग्रजीची मास्तरीण होती, म्हणजे मी. जिला ही भानगड नको होती तिनेच ती रोज संध्याकाळी मराठी करून सांगायची. तुम्ही हे मुद्दाम केलंत का, हे विचारायचं राहूनच गेलं.

खरं सांगते, वाचून दाखवायला मी हो म्हणाले ते पुस्तक बघून. केवढं जाडजूड, आणि पानापानावर कंटाळा. मला वाटलं, दादा चार दिवसांत जांभया देतील, पाचव्या दिवशी ‘नको’ म्हणतील, आणि वाईटपणा माझ्याकडे येणार नाही.

तुम्ही जांभया दिल्या नाहीत. दिवेलागणीला ओटीवर खुर्ची ओढून बसायचात. प्रांजल समजावायची, मी इंग्रजी वाक्यं सोडवायची, आणि तुम्ही मध्ये हात वर करायचात, शाळेतल्या मुलासारखा. आकाशात कुणी कुणाला वाट द्यायची, तो धडा आठवतो? इंजिनवाल्या विमानाने बिनइंजिनाच्या ग्लायडरला वाट द्यायची आणि दोघांनीही फुग्याला. मी म्हटलं, नियम साधा आहे, ज्याला वळता येत नाही त्याला आधी जाऊ द्यायचं. तुम्ही खुर्चीत सरळ झालात. “म्हंजे मोठ्यानं धाकट्याला वाट द्यायची?” हो. “आनि हे सगले पालतात?” पाळावंच लागतं. तुम्ही आतल्या बाजूला तोंड करून आईंना ओरडून सांगितलंत, “ऐकलंस का! वर कंटेनर पहिला जात न्हाय!” मग दोन दिवस जो भेटेल त्याला अंजूर फाट्यावर हा कायदा लावा म्हणून सांगत फिरलात. रिक्षावाला म्हणाला, “चाचा, यहाँ तो हम ही फुग्गा हैं.” ते तुम्ही घरी येऊन तीनदा सांगितलंत.

उंचीच्या धड्यावर मात्र तुम्ही आम्हाला रडवलंत. विमानातली उंची समुद्रापासूनही मोजतात आणि जमिनीपासूनही, हे तुम्हाला पटेना. “एकच काय ते ठरवा. भावकीत दोन मापं आली की डोकी फुटतात.” प्रांजलने कागदावर डोंगर काढला, खाडी काढली, तुम्ही त्यात आपलं जुनं शेत काढलंत आणि विचारलंत, आता त्यावर गोडाऊन हाय, मग उंची मातीपासून का पत्र्यापासून? तिने डोकं धरलं. तुमचं चुकतच होतं, आणि तुम्ही ते शेवटपर्यंत कबूल केलं नाहीत. हे भांडण अजून चालू आहे असं समजा.

आणि मग वरचा वारा.

तुमच्या तोंडात ‘वर’ म्हणजे डोंगराकडचं आणि ‘खाली’ म्हणजे खाडीकडचं. तुमच्या वयाची सगळी माणसं असंच बोलतात. डोंगराकडून येतो तो वरचा वारा, समुद्रावरून येतो तो खालचा. दिघाशीसुद्धा तुमच्या हिशेबात ‘वर’. पुस्तकातला वरचा वारा मात्र उंचावरचा, हजारो फुटांवरचा, मग तो कुठल्याही दिशेचा असो. मी भाषांतर करताना ‘वरचा वारा’ म्हणत होते, तुम्ही ऐकताना ‘डोंगराकडचा’ ऐकत होतात, आणि आठवडाभर दोघंही एकमेकांना खुळ्यात काढत होतो. “वरचा वारा पश्चिमेचा असू शकतो.” “अगो, पश्चिमेचा असंल तर तो खालचा झाला ना!” “दादा, वरचा म्हणजे उंचावरचा.” “उंचावर डोंगरच असतो.” प्रांजल आधी हसत होती. मग तिने घरी सराव परीक्षा सोडवली. उंचावरचा वारा पश्चिमेचा दिला होता. हिने घाईत कच्च्या कागदावर ‘वरचा’ एवढंच लिहिलं आणि पुढच्या ओळीत तो डोंगराकडून आणला. एका प्रश्नातून दुसरा निघत होता, सगळी उत्तरं बरोबर उलटी आली. अख्ख्या जगात अशी चूक फक्त अंजूरची मुलगी करू शकते.

मी तुमच्यावर चिडले. “तुमच्या वरच्या-खालच्यानं पोर नापास होईल,” असं म्हणाले. आणि गंमत बघा, तिने नापास व्हावं असं मलाच तर वाटत होतं. मग मी चिडले कशाला? हा प्रश्न मला त्या रात्री पडला नाही, आत्ता लिहिताना पडला. तुम्हाला तेव्हाच पडला असणार. तुम्ही सुपारी न खाता झोपलात.

दुसऱ्या दिवशी मी शाळेतून आले तर तुम्ही फाटकात उभे. चप्पलसुद्धा काढू दिली नाहीत. “दिघाशी, मना सापडलं. वारा सुनंसारखा.”

मला वाटलं, टोमणा आहे.

“अगो, वाऱ्याचं नाव कशावरनं? तो कुठून आला त्यावरनं. तसंच सुनंचं. तू कुठून आलीस? दिघाशीवरनं. म्हनून दिघाशी. आनि विमानाची दिशा कशावरनं? कुठं चाललं त्यावरनं. ती लेकीसारखी. लेकीचं काय इचारतात? कुठं दिली? टेमघरला दिली, कल्यानला दिली. वारा सून, विमान लेक. आता सांग, बान कुठल्या बाजूला काढायचा?”

दादा, कागदावर वाऱ्याचा बाण कुठल्या टोकाला काढायचा यात मी आठवडाभर चुकत होते, आणि लाजेने प्रांजलला सांगितलं नव्हतं. तुम्ही ओटीवर बसून बघत होतात, हे मला माहीत नव्हतं. त्या दिवसानंतर माझा बाण चुकला नाही. पण मी लगेच कबूल होईन तर ती मी कसली. म्हटलं, “सून ठीक आहे. लेकीचं चुकलं. विमानाला कुणी ‘देत’ नाही, दादा. ते जातं.” तुम्ही विचारात पडलात. “बरं. मग लेक कुठं दिली न्हाय, लेक कुठं चालली, असं म्हनू.”

आणि आतून आईंचा आवाज आला, “कुठं म्हनू नका!”

ते खरंच होतं. आपल्या घरात निघालेल्या माणसाला ‘कुठं’ विचारत नाहीत. विचारलं की काम होत नाही, नाहीतर वाटेत काहीतरी आडवं येतं. फार तर ‘लांब का?’ म्हणायचं. तुम्ही स्वतः हे कडक पाळायचात. लग्नानंतर मी एकदा चुकून विचारलं तर तुम्ही चपला काढून परत आत येऊन बसलात, पाणी प्यायलात आणि मग निघालात. आणि इथे विमानाच्या पुस्तकात उडायच्या आधी पहिली गोष्ट काय, तर लिहून सांगायचं: कुठून निघालो, कुठं चाललो, किती माणसं, किती वेळ पुरेल एवढं तेल. ते ओटीवरच्या प्रांजलने ओरडून सांगितलं तशा आई पदराला हात पुसत बाहेर आल्या. “निंगतानाच कुठं म्हनून इचारतात? म्हनून तर पडतात!” आम्ही तिघं पोट धरून हसलो.

प्रांजल हसता हसता म्हणाली, “आजी, सांगितलं नाही आणि आलो नाही, तर शोधणार कुठे?”

तुमचं हसू हळूहळू थांबलं. मला वाटतं तुमच्या मनात ते तिथे कुठेतरी बसलं. विचारणारा माणूस वाट अडवत नाही, तो वाट बघायला बसणार असतो म्हणून विचारतो. तुम्ही तसं म्हणाला नाहीत. तुम्ही म्हणालात, “चा ठेव.”

त्यानंतरचे दिवस चांगले गेले. तुम्ही गणितं घालायचात, आणि तुमच्या गणितात दिल्ली-मुंबई नसायची. “अंजूरवरनं सरल खाडीपार जायचंय. वारा वरचा, म्हंजे आपल्या दिघाशीकडचा. नाक कुठं करशील?” प्रांजलच्या हातात ती हिशेबाची गोल चकती असायची, तुम्ही तिला भाकरी म्हणायचात. ती भाकरी फिरवायची आणि सांगायची, नाक सरळ ठेवलं तर वारा ढकलून भलतीकडे नेईल, म्हणून नाक थोडं वाऱ्याकडे वळवायचं, मग विमान तिरकं दिसेल पण जाईल सरळ. तुम्हाला हे फार आवडलं होतं. “बघ दिघाशी, लेकीला सरल जायाचं असंल तर तोंड जरा सुनंकडं ठेवाया लागतं.” मी म्हटलं, पाठांतराला छान आहे. आणि भाजी ढवळायला आत गेले. तुम्ही मला काही सांगत होतात का, दादा? की खरंच फक्त पाठांतराला होतं?

एकदा मी न राहवून विचारलं. प्रांजल घरात नव्हती. “दादा, निकाल काय तुमचा? पुस्तक तर संपत आलं.” तुम्ही म्हणालात, “वारा पडू दे.” मी म्हटलं, मला भीती वाटते. ते शब्द मी तोपर्यंत कुणाजवळ उच्चारले नव्हते, तुमच्या मुलाजवळसुद्धा नाही; त्याच्याजवळ मी फक्त भांडत होते. मला वाटलं, आता तुम्ही समजूत काढाल. तुम्ही म्हणालात, “मना पन वाटतं भ्याव. मी गोडाऊनच्या शिडीवर चढत न्हाय, तुना ठाऊक हाय. म्हनून तर एवढं इचारतंय.” आणि तुम्ही सुपारी कातरायला घेतलीत. मला इतकं हलकं कधी वाटलं नव्हतं. भीती कुणीतरी उचलून नेली असं नाही, पण तिचं दुसरं टोक धरायला माणूस मिळाला. त्याबद्दल तुमचे आभार मानायचे राहिले. आता मानते.

त्या सकाळी मी स्वयंपाकघरात होते, शाळेला सुट्टी होती. प्रांजल टेमघरच्या अभ्यासिकेत जायला निघाली, स्कूटी फाटकापर्यंत नेली. तुम्ही ओटीवर. आणि मी तुमचा आवाज ऐकला:

“कुठं चालली गो बाय?”

माझ्या हातातलं लाटणं थांबलं. आई देवघरातून ओरडल्या, “अवो, कुठं काय इचारता, निंगाली ना पोर!”

“इचारू दे,” तुम्ही म्हणालात. “बाय, कुठं चालली?”

प्रांजलने फाटकातून मागे वळून बघितलं. मग ती हसत म्हणाली, “टेमघरला. अभ्यासिकेत.”

“वारा?”

“खालचा.”

“माघारी कवा?”

“दुपारच्या चहाला.”

“जा.”

ती गेली. मला वाटलं, खेळ चाललाय आजा-नातीचा. मी पोळी लाटत राहिले.

ती दुपारच्या चहाला आली. सांगितल्याप्रमाणे, अगदी वेळेवर. तुम्ही जेवून पुन्हा खुर्चीत बसला होतात, मान एका बाजूला, आम्हाला वाटलं डुलकी लागली आहे. तिनेच तुमच्या हाताला हात लावला. दादा, ती सांगून गेली आणि परत आली. तुम्ही न सांगता गेलात. पोरीला सगळं विचारलंत आणि स्वतःचं काही सांगितलं नाहीत. याचा मला राग आहे, आणि तो लवकर जाईल असं वाटत नाही.

पुढचे दिवस तुम्हाला माहीत आहेत तसेच. माणसं, चटया, उसने आणलेले टोप. जो तो तुमच्या वतीने बोलत होता. थोरले भाऊजी म्हणाले, दादांच्या मनात पोरीला पाठवायचं नव्हतंच, माझ्याजवळ बोलले होते. आत्याबाई म्हणाल्या, उलट त्यांना फार हौस होती. गेलेल्या माणसाच्या तोंडात शब्द कोंबणं किती सोपं असतं. मलाही मोह झाला. मी फक्त मान डोलावली असती की ‘हो, दादा नकोच म्हणणार होते’, तर विषय तिथेच मिटला असता आणि वाईटपणा तुमच्यावर गेला असता. आईंचं वेगळंच दुःख. त्या कुणाशी बोलेनात. एकदा माझ्याजवळ फुटल्या, “त्यांनी कुठं इचारलं ना, ते अंगावर घेतलं त्यांनी. पोरीवर यायचं ते सोताकडं घेतलं.” प्रांजलने ते ऐकलं. तिने पुस्तकं कपाटात ठेवली आणि भाकरी, म्हणजे ती चकती, देवघराशेजारी तुमच्या फोटोजवळ ठेवून दिली. मला जे हवं होतं ते न मागता मिळालं होतं, आणि मला ते बघवेना.

दहाव्याला खाडीवर सगळे कावळ्याची वाट बघायला उभे राहिले. माझा यावर विश्वास आहे की नाही, मला विचारू नका. थोरले भाऊजी हात जोडून तयार होते, कावळा शिवला नाही तर काय काय कबूल करायचं याची त्यांनी मनात यादी केली असणार. मीसुद्धा मनात तयारी केली होती. पिंड ठेवला, माणसं मागे सरली न सरली तोच कावळा आला आणि शिवला. ताटकळणं नाही, आळवणी नाही. सगळे म्हणाले, “भाग्यवान, इच्छा राहिली नाही काही.” मला मात्र आधी तुमचा रागच आला. काही राहिलं नाही? पोरीचा निकाल कुठे दिलात? मी आठवडे आठवडे तुमच्यासाठी इंग्रजी फोडलं, आणि तुमचं काही राहिलं नाही?

परत येताना गाडीत माझ्या डोक्यात तुमचे ते तीन प्रश्न आणि चौथा शब्द वाजायला लागले. कुठं. वारा. माघारी कवा. जा.

जन्मभर ज्या माणसाने निघालेल्या माणसाला ‘कुठं’ विचारलं नाही, त्याने आईंनी अडवल्यावर पुन्हा एकदा विचारलं. पुस्तकात निघणाऱ्याला विचारतात तसं, आणि उत्तर ऐकून सोडलं. तुमचा निकाल तुम्ही ओटीवरून, सगळ्यांसमोर दिला होतात. आम्हालाच कळला नाही. किंवा असंही असेल की तुम्हाला नातीची गंमत करायची होती, एवढंच. मी तुमच्या तोंडात शब्द कोंबणार नाही, ते काम इतरांनी भरपूर केलंय. पण एक मला नक्की कळलं. तुम्ही ‘जा’ म्हणालात की नाही यावर आता काही अवलंबून नाही. तुम्ही नाही आहात. ‘जा’ म्हणणारं माणूस आता मी आहे, आणि मला अजून भीती वाटते.

त्या संध्याकाळी मी फोटोजवळची चकती उचलली आणि प्रांजलच्या पुढ्यात ठेवली. म्हटलं, “अंजूरहून खाडीपार. वारा दिघाशीचा. नाक कुठे करशील?” ती रडायला लागली. रडता रडता तिने भाकरी फिरवली. उत्तर बरोबर आलं.

काल तिचा पेपर होता. मुंबईला. तुमचा मुलगा गाडी काढत होता. आईंनी तिच्या हातावर दही ठेवलं, पण तोंडाने एक अक्षर नाही, डोळे दुसरीकडे. प्रांजल तुमच्या खुर्चीजवळ थोडी थांबली आणि पायऱ्या उतरली. मी दारात उभी होते. दादा, मीच विचारलं:

“कुठं चाललीस गो बाय?”

मागे आईंच्या हातातली वाटी खाली ठेवल्याचा आवाज झाला. प्रांजल वळली. तिने आधी माझ्याकडे बघितलं, मग आजीकडे, मग पुन्हा माझ्याकडे.

“पेपरला,” ती म्हणाली.

“वारा?”

तिने माडाच्या झावळ्यांकडे बघितलं, आणि मग तिच्या चेहऱ्यावर हसू आलं. “वरचा. आजोबांचा वरचा.”

“मग नाक?”

“थोडं दिघाशीकडे.”

“माघारी कधी?”

“दिवेलागणीला.”

मला ‘जा’ म्हणायला थोडा वेळ लागला. पण म्हणाले. पेपर कसा गेला ते तिला माहीत, निकाल लागेल तेव्हा लागेल. अर्जावर सही मी करणार आहे, हे मी तुमच्या मुलाला रात्री सांगितलं. तो म्हणाला, “बरं.” तेवढंच म्हणणार होता, तुम्हाला माहीत आहे.

काल सकाळी गाडी वळून दिसेनाशी झाली तरी मी दारातच उभी होते. आता आई काय म्हणतील म्हणून मागे वळायची हिंमत होत नव्हती. बऱ्याच वेळाने तुमची खुर्ची करकरली. आई तुमच्या जागेवर बसल्या होत्या, फाटकाकडे तोंड करून. दिवसभर वाट बघायची तयारी केल्यासारख्या पाय पोटाशी घेऊन.

“दिघाशी,” त्या म्हणाल्या, “चा ठेव.”